आईचं मशीन पुढच्या घरी

शनिवार, रात्री साडेदहा

आईचं वॉशिंग मशीन आज गेलं. कोथरूडची आमची जुनी इमारत पुनर्विकासाला चाललीय, जूनअखेर फ्लॅट रिकामा करून द्यायचाय. भांडी, पुस्तकं, गाद्या मार्गी लागल्या. चालू यंत्रांपाशी मात्र मी तीन आठवडे अडले होते.

भंगारवाला मशीन आणि फ्रिज दोन्ही न्यायला तयार होता. पण त्याचा हिशेब वजनावर. मोटर चालू असो की जळकी, तांब्याचा भाव तोच. मला ते सोसवेना.

मशीन दोन टबांचं, सेमी-ऑटोमॅटिक. बहीण म्हणाली, आता कोण वापरतं ते? मग पोळ्यांच्या मावशींपाशी विषय निघाला. त्यांच्या वस्तीत सकाळी तासभर पाणी, बाकी सगळं पिंपात भरून ठेवायचं. "ताई, नळ लागणारं मशीन आमच्या काय कामाचं? ह्यात बादलीनं पाणी ओतता येतं ना?" येतं. पांढऱ्या कपड्यांचं साबणपाणी पुढच्या खेपेला रंगीत कपड्यांनाही चालतं. आम्ही ज्याला जुनाट म्हणत होतो, तेच त्यांच्या घराला बरोबर बसणारं होतं.

देण्याआधी मेकॅनिकला बोलावलं, ते फार बरं झालं. ड्रायरचा ब्रेक गेलेला होता. झाकण उघडलं तरी आतला टब गरगरत राहायचा. आईला त्याची सवय होती. ती झाकणावर हात ठेवून, आवाज पूर्ण थांबेपर्यंत उभी राहायची. मावशींच्या घरात दोन लहान नातवंडं आहेत. 'चालतंय' म्हणून तसंच पाठवलं असतं तर, हा विचार अजून डोक्यातून जात नाही. ब्रेक नवा घातला, पट्टा बदलला, चिरलेला पाइपही.

मावशींनी पाचशे रुपये पुढे केले. मी नको म्हटलं. "घ्या ताई. फुकट नेलं तर उद्या बिघडल्यावर तुम्हाला विचारायला जीभ उचलणार नाही." घेतले.

फ्रिज मात्र त्यांनी नाकारला. लाइटबिल. बरोबरच आहे, तो 2004 चा, आणि फ्रिजवरची वीजबचतीची ताऱ्यांची पट्टी आली 2006 साली. दाराचं रबरही सैल झालंय, म्हणजे कॉम्प्रेसर सारखा चालू. असं यंत्र एखाद्या घरी देणं म्हणजे दर महिन्याचा खर्च देणं. शेवटी कोपऱ्यावरच्या फुलवाल्या काकूंनी मागितला. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत गजरे ठेवायला, एरवी बंद. रबर मीच बदलून देणार आहे. त्यांना सांगून ठेवलंय: टेम्पोत उभाच न्या, नेल्यावर काही तास सुरू करू नका, कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू दे. आणि बंद ठेवाल तेव्हा आतून कोरडा करून दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर बुरशी धरेल.

जळका टोस्टर आणि शॉक देणारी इस्त्री कुणाच्याही गळ्यात घालायची नाही. दोन्ही कचरावेचकांच्या 'स्वच्छ' संस्थेच्या संकलनात ई-कचरा म्हणून जातील.

मघाशी नऊ वाजता मावशींचा फोन आला होता. मागे पोरांचा गलका. "ताई, झाकण उघडलं की लगेच थांबतंय. दोनदा बघितलं."