म्यान शेवटी ‘टक्’ वाजलं

पीव्हीसी पाइपच्या म्यानाचं गाडं पावसाळ्यापासून अडलं होतं, ते काल रात्री सुटलं. ‘मोरा’ची (स्वीडनमधल्या मोरा गावची) सुरी आत बसताना ‘टक्’ वाजते आणि म्यान उलटं धरून झटकलं तरी जागची हलत नाही!

दुखणं असं होतं. म्यान घट्ट केलं की सुरी हिसडून काढावी लागायची. ती एकदम सुटते आणि त्या झटक्यात हात कुठे जाईल याचा भरवसा नाही. सैल केलं की वाकल्यावर सुरी घसरणार. कमरेला लावायच्या सुरीत यापेक्षा वाईट दोष मला माहीत नाही. पोलाद कुठलं, ते नंतर बघू.

मूळ सापडलं ते असं: पाइपची पकड पात्यावर होती. ती हवी मुठीच्या पुढच्या फुगवट्यावर. म्हणून पात्यावर मास्किंग टेपचे थर चढवले, मूठ उघडी ठेवली, पाइप तापवून चपटा केला आणि सुरीसकट फोममध्ये दाबून पूर्ण गार होऊ दिला. आता पातं आत मोकळं, मूठ पक्की. म्यानाच्या तोंडाशी अंगठ्यासाठी टेकू ठेवलाय. मूठ धरायची, अंगठ्याने म्यान खाली रेटायचं, पकड सुटली की सुरी उचलायची. हिसका नाहीच. टोकाशी भोक पाडलंय, पाणी साचणार नाही.

हेअर ड्रायरच्या नादी लागू नका, हीट गनच घ्या आणि गच्चीवर बसा. पीव्हीसी करपलं की हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात. चामड्याचं म्यान विकत घेणार असाल तर धारेच्या बाजूच्या शिवणीत जादा पट्टी आहे का बघा. नसेल तर धार टाके कापत बाहेर येते. दिसायला सुबक, पण पट्टीच नाही, अशी म्यानं बाजारात पुष्कळ आहेत.

संध्याकाळी शिवण झाडाच्या ओल्या लाकडाचा चमचा कोरायला घेतला. कोपरं गुडघ्यांवर, काम गुडघ्यांच्या पुढे. मांड्यांच्या मधे पातं कधीच नाही, तिथे मोठी रोहिणी (धमनी) आहे. सुरी सारखी आत-बाहेर होत होती, पकड तशीच राहिली.

पुढचं म्यानही पाइपचंच करणार होतो. पण पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि माझी सुरी उन्हाळ्यात गाडीतच पडून असते.  मग लाकडाचंच कोरावं का? कोकणात कोयती अडकवायची लाकडी आकडी पाहिलीय तेव्हापासून मनात आहे. शिवणीचा उरलेला ओंडका आज सावलीत वाळत टाकतो.