ग्रोस ईल: सेंट लॉरेन्स नदीतलं आयरिश स्मशान

माँट्रियलमध्ये व्हिक्टोरिया पुलाच्या तोंडाशी, दोन्ही बाजूंनी ट्रक धडधडत जात असतात त्या रस्त्याच्या मधोमध, एक प्रचंड काळपट दगड उभा आहे. आजूबाजूला गोदामं, पार्किंग आणि रेल्वेचे रूळ. हा पूल बांधताना मजुरांना इथे माणसांची हाडं लागली. त्या मजुरांत आयरिश बरेच होते. १८५९ साली त्यांनी नदीच्या पात्रातून निघालेला हा तीसेक टनांचा दगड उभा केला आणि त्यावर कोरून ठेवलं, की १८४७-४८ मध्ये जहाजावरच्या तापाने मेलेल्या ६,००० स्थलांतरितांच्या अस्थींची विटंबना होऊ नये म्हणून हा दगड. ही माणसं आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळातून जहाजांनी पळून आलेली. कुणा श्रीमंताच्या देणगीतून हे उभं राहिलेलं नाही. हातात फावडं असलेल्या माणसांनी आपल्या माणसांसाठी केलेलं हे काम आहे, आणि माझ्या मते या शहरातलं सगळ्यात मोलाचं स्मारक हेच.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी इथले आयरिश वंशाचे लोक पॉइंट सेंट चार्ल्समधल्या सेंट गॅब्रिएल चर्चपासून चालत या दगडापर्यंत येतात. यंदा बाबा पुण्याहून आले होते, त्यांना घेऊन मीही चालले. बाबांचं लहानपण पारनेर तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचे आईवडील खडी फोडायला जात आणि सुकडी घेऊन येत, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. त्यामुळे त्यांना या चालण्याचं कारण वेगळं सांगावं लागलं नाही.

आमच्या बरोबरीने एक निवृत्त शिक्षिका चालत होत्या. नाव अस्सल आयरिश, पण घरची भाषा फ्रेंच. त्यांचे खापरपणजोबा सात वर्षांचे असताना जहाजातून उतरले तेव्हा त्यांच्यामागे कुणी उरलं नव्हतं. एका फ्रेंच शेतकरी कुटुंबाने त्यांना वाढवलं, पण आडनाव बदललं नाही. अशी अनाथ मुलं क्वीबेकमधल्या घराघरांत गेली आणि कित्येकांची आयरिश नावं टिकली. "त्यांची आई बेटावर राहिली," असं त्या सहज बोलून गेल्या, जणू आई अजूनही तिथेच राहते. मग म्हणाल्या, "वडिलांना ग्रोस ईलला घेऊन जा."

ग्रोस ईल म्हणजे तेच बेट. तेव्हा आम्ही निघालो. माँट्रियलहून क्वीबेक शहर अडीचशे किलोमीटर, तिथून नदीच्या दक्षिण काठाने पन्नासेक किलोमीटर पुढे गेलं की बर्तिए-स्यूर-मेर नावाचं लहानसं गाव लागतं. बेटावर जाणारी बोट तिथून सुटते. सेंट लॉरेन्सला इथे नदी म्हणायचं ते केवळ नकाशात तसं लिहिलंय म्हणून. पलीकडचा काठ धूसर दिसतो आणि वाऱ्याला समुद्राचा जोर असतो. अर्ध्या-पाऊण तासात आपण बेटावर उतरतो.

कॉलऱ्याच्या भीतीने १८३२ मध्ये इथे विलगीकरण केंद्र उघडलं. १८४७ च्या मे महिन्याच्या मध्यावर 'सिरिया' हे त्या वर्षीचं पहिलं जहाज आलं आणि पहिला मृत्यू झाला एलन कीन या चार वर्षांच्या मुलीचा. केंद्रप्रमुख डॉ. जॉर्ज डग्लस यांच्याकडे शे-दोनशे खाटांची सोय होती. महिना संपेपर्यंत चाळीसेक जहाजं तीन किलोमीटर लांब रांग लावून उभी होती आणि माणसं जहाजातच मरत होती. ही जहाजं मुळात लाकूड वाहणारी. कॅनडातून ओंडके न्यायचे आणि परत येताना रिकामं तळघर माणसांनी भरायचं, म्हणून भाडं कमी. कित्येकांचं भाडं तर जमीनदारांनीच भरलं होतं. रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाउनच्या डेनिस मेहन याने आपल्या जमिनीवरच्या १,४९० जणांना असंच रवाना केलं, कारण गरिबांसाठीच्या सरकारी कामगृहात त्यांना पोसण्यापेक्षा जहाजावर चढवणं त्याला स्वस्त पडत होतं. हिशोब कागदावर मांडून घेतलेला निर्णय होता तो.

बेटाच्या पश्चिमेला आयरिश स्मशान आहे. पांढरे क्रूस मोजकेच आहेत. लक्ष जातं ते जमिनीकडे. गवताखालची माती लांबलचक उंचवट्यांनी भरलेली आहे, बटाट्याच्या शेतातल्या वरंब्यांसारखी. लांब चर खणून त्यात एकावर एक शवपेट्या ठेवल्या गेल्या, आणि पुढे माती बसत गेली तसे हे उंचवटे तयार झाले. डॉ. डग्लस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या स्तंभावर आकडा आहे ५,४२४. एका उन्हाळ्यातला हा आकडा. बाबा बराच वेळ त्या उंचवट्यांच्या कडेकडेने चालत राहिले. मग त्यांनी आमच्या गाइडला विचारलं, "देशात धान्य होतं की नव्हतं?"

गाइड तरुण मुलगी होती, पण तिने उत्तर टाळलं नाही. बटाटा बुरशीने कुजला हे खरं, म्हणाली. पण त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून ओट, लोणी आणि गुरं इंग्लंडला जात होती. लंडनचं सरकार बाजारात हात घालायला तयार नव्हतं. आधी उपाशी माणसांना रस्त्यांच्या कामावर घेतलं, १८४७ च्या मार्चमध्ये अशा कामांवर सुमारे सात लाख माणसं होती. मग ती कामं बंद केली. पाव एकरापेक्षा जास्त जमीन ठेवणाऱ्याला मदत नाही, असा कायदा त्याच वर्षी आला; म्हणजे पोट भरायचं तर शेत सोडा. १८४१ मध्ये ८२ लाखांच्या आसपास असलेली आयर्लंडची लोकसंख्या दहा वर्षांत साडेपासष्ट लाखांवर आली. सुमारे दहा लाख मेले, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेले.

"आम्हाला निदान सुकडी मिळाली," बाबा म्हणाले.

टेकडीवर उंच सेल्टिक क्रूस आहे. १५ ऑगस्ट १९०९ रोजी अँशंट ऑर्डर ऑफ हायबर्नियन्स या आयरिश संघटनेने तो उभारला. पायथ्याशी तीन भाषांत मजकूर आहे आणि तिन्हींत सारखीच गोष्ट लिहिलेली नाही. इंग्रजी मजकुरात श्रद्धा राखण्यासाठी भूक आणि परागंदा होणं सोसलेल्या, तापाने गेलेल्या माणसांचं स्मरण आहे. दोष कुणाचाच नाही. आयरिश मजकूर मात्र सरळ सांगतो, की गेलच्या, म्हणजे आयरिश वंशाच्या, लेकरांनी परक्या जुलमी राजवटीचे कायदे आणि माणसांनी घडवलेला दुष्काळ यांपासून पळ काढला आणि ती हजारोंनी या बेटावर मेली. साम्राज्याच्याच भूमीवर, साम्राज्य ऐन भरात असताना, हे कोरून ठेवणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटला. मला आयरिश वाचता येत नाही. अर्थ गाइडने सांगितला.

हे भांडण इथेच संपलं नव्हतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेटाचा विकास करताना कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने 'आशेची आणि स्वागताची भूमी कॅनडा' अशी कल्पना मांडली. आयरिश वंशाचे कॅनडाकर संतापले. सुनावण्यांना गेले, निवेदनं दिली, पत्रं लिहिली. ज्यांना या भूमीवर फक्त खड्डा मिळाला त्यांच्या कबरींवर स्वागताची कमान नको, एवढंच त्यांचं म्हणणं. अखेर १७ मार्च १९९६ रोजी, सेंट पॅट्रिकच्या दिवशी, सरकारने 'ग्रोस ईल आणि आयरिश स्मारक' हे नाव जाहीर केलं. चार-पाच पिढ्यांनंतर, बेलफास्ट किंवा कॉर्क कधी न पाहिलेल्या माणसांनी ही लढाई दिली. शोक सगळेच करतात. आपल्या मेलेल्यांबद्दल खोटं लिहू द्यायचं नाही, हे काम या लोकांनी चिकाटीने केलं.

परतीच्या बोटीत मी बाबांना चार्ल्स ट्रेव्हेलियनबद्दल सांगितलं. लंडनच्या तिजोरी खात्यात बसून आयरिश मदतीचा कारभार पाहणारा तो अधिकारी. या आपत्तीत त्याला दयाळू ईश्वराची योजना दिसली, आणि १८४८ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. १८५९ मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर होऊन हिंदुस्थानात आला. तो मायदेशी परत गेल्यानंतरही धोरण तेच राहिलं. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्याने दुष्काळी कामावरच्या मजुराची रोजी दिवसाला एक पौंड धान्याइतकी खाली आणली, तेव्हा मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. बाबांना सभेचे संस्थापक सार्वजनिक काका माहीत होते, टेंपलची रोजी माहीत नव्हती. त्या दुष्काळात मेलेल्यांच्या नावाचा दगड नगर-सोलापूरकडे मी तरी पाहिलेला नाही. बाबांनीही नाही.

जाणार असाल तर मे ते ऑक्टोबर एवढाच हंगाम असतो, आणि बोटीची जागा आधी राखून ठेवावी लागते. गरम कपडे हवेतच. जूनमध्येही नदीवर वारा बोचतो. गवतात गोचिडी आहेत, म्हणून लांब पँट आणि मोजे घाला. १९९८ मध्ये बसवलेल्या काचेच्या भिंतींवर मृतांची नावं आहेत, त्यासाठी वेळ ठेवा. गाइड उरकायच्या घाईत असेल तर सरळ सांगा की आम्हाला थांबायचंय. त्या थांबतात.