बझरवर बसवलेली नाताळची धून

नाताळच्या झाडावर दिवे मिणमिणत असताना बारीक आवाजात एखादी धून वाजावी, एवढीच इच्छा होती. आर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम भरून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड हाताशी होता. त्याला बझर, म्हणजे चिमुकला भोंगा, जोडला, ‘जिंगल बेल्स’चे सूर भरले आणि ऐकू आली नुसती किरकिर. कोड पुन्हा पुन्हा तपासला, तर घोळ बझरचाच. तो ॲक्टिव्ह होता, म्हणजे वीज मिळताच आपल्या ठरलेल्या एकाच सुरात वाजणारा. धुनेसाठी पॅसिव्ह लागतो, म्हणजे आपण देऊ तो सूर वाजवणारा. बॅटरीला टेकवला की ॲक्टिव्ह सलग वाजतो, पॅसिव्ह फक्त ‘टक्’ करतो. ही परीक्षा आधी करावी.

सूर मी सरगममध्येच लिहून काढले. सा ५२३ हर्ट्झ धरला की रे ५८७, ग ६५९, प ७८४. ओळ अशी: ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. ‘टोन’ हे फंक्शन सूर सुरू करून देतं आणि प्रोग्रॅम लगेच पुढे सरकतो, म्हणून सुराच्या लांबीइतका ‘डिले’, म्हणजे थांबा, घातला. तरीही गाणं ओळखू येईना. तिन्ही ग एकमेकांना चिकटून एकच लांबलचक ग झाला होता! मग प्रत्येक सूर त्याच्या वेळेच्या ९० टक्केच वाजवला, उरलेला वेळ शांत. त्या इवल्याशा शांततेने गाणं जिवंत झालं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

एक अडचण दिव्यांची. ११ नंबरच्या पिनवरचा एलईडी हळूहळू उजळायचा, पण धून सुरू झाली की बिघडायचा. उनोवर ‘टोन’ टायमर २ (चिपमधलं वेळ मोजणारं एक घड्याळ) वापरतो आणि पिन ३ व ११ चं पीडब्ल्यूएमही, म्हणजे झपाट्याने चालू-बंद करून उजेड कमी-जास्त करणंही, त्याच टायमरवर चालतं. एलईडी ९ वर नेला, प्रश्न मिटला.

मग ‘सायलेंट नाइट’ घेतलं. १८१८ साली ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फमध्ये गिटारच्या साथीने ते पहिल्यांदा गायलं गेलं. सुरुवात प ध प ग. मात्रा दीड, अर्धी, एक आणि तीन. अर्धी मात्रा २५० मिलिसेकंद धरली, तर शेवटचा ग १५०० चा होतो. त्याचे १० टक्के शांत ठेवले की गाण्याला धाप लागल्यासारखं वाटे. शेवटी टक्केवारी सोडून प्रत्येक सुरानंतर ३० मिलिसेकंदच ठेवले. आता तो ग शांतपणे लांबत जातो, तसाच तो हवा होता.