पॅरिस–रोम : विमान दोन तासांचं, प्रवास साडेसात तासांचा

जूनमधली गोष्ट. आपल्याकडे रात्रीचे दहा, पॅरिसमध्ये संध्याकाळचे साडेसहा. काकांचा फोन आला. "ताई, उद्या सकाळी नऊ दहाचं रोमचं विमान आहे. हॉटेल गार द्यू नॉर स्टेशनजवळ. साडेसहाला निघालो तर चालेल ना?" विमानाचं तिकीट त्यांनी स्वतः काढलं होतं; आमच्या ट्रॅव्हल एजन्सीकडे फक्त व्हिसा आणि हॉटेलं. तिकिटाचा फोटो मागवला. निघण्याच्या रकान्यात तीन अक्षरं होती : बीव्हीए.

सीडीजी, म्हणजे पॅरिसचा मुख्य विमानतळ शार्ल द गोल असता, तर साडेसहा चाललं असतं. गार द्यू नॉरहून आरईआर बी या लोकल रेल्वेने अर्धा-पाऊण तास लागतो. बीव्हीए म्हणजे बोव्हे विमानतळ. नावाला पॅरिस जोडलेलं असलं तरी शहरापासून ते ऐंशीहून जास्त किलोमीटरवर आहे आणि बसला सव्वा तास लागतो.

काका म्हणाले, "अहो, नेटवर अकराशे किलोमीटर, दोन तासांहून थोडं कमी असं दिसतंय." आकडा खोटा नाही. पण ते सरळ रेषेतलं अंतर असतं. त्याला ताशी आठशेच्या आसपासच्या वेगाने भागून वर अर्धा तास धरतात. तिकिटावरचे दोन तास पाच मिनिटं विमान जागेवरून हलल्यापासून मोजतात; धावपट्टीपर्यंतची वाट आणि रांग त्यात धरलेली असते. हॉटेलचं दार मात्र दोन्हींत नाही.

मग नऊ दहापासून मागे मोजत आले. सामानाचा काउंटर चाळीस मिनिटं आधी बंद, म्हणजे साडेआठ. युरोपबाहेरचा पासपोर्ट असल्याने त्या विमान कंपनीत काउंटरवर व्हिसा दाखवून शिक्का घ्यावा लागायचा. मोबाइलमध्ये बोर्डिंग पास असला तरी तो चुकायचा नाही, आणि लोक नेमके इथेच अडकायचे. म्हणून सातच्या आत पोचायचं. त्यासाठी साडेपाचची बस. मेट्रोच साडेपाचच्या सुमारास सुरू होते, त्यामुळे बसथांब्यापर्यंत पाचची टॅक्सी.

उतरायचं रोमच्या मोठ्या फ्युमिचिनो विमानतळावर नाही, छोट्या चाम्पिनोवर. सव्वाअकराला विमान लागणार, सामानाला अर्धा तास, बस मिळून रोमच्या तेर्मिनी स्टेशनला पोचेपर्यंत पाऊण, म्हणजे साडेबारा. दोन्ही देश शेंगेनमध्ये (आपसांत पासपोर्ट तपासणी नसलेल्या देशांच्या गटात) असल्याने पासपोर्टची रांग नाही आणि घड्याळही बदलत नाही, तेवढीच बचत. काकांनी व्हॅटिकन म्युझियमची एकची वेळ घेऊन ठेवली होती. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, म्हणजे आधी हॉटेल गाठणं आलंच. ती तिकिटं सोडून साडेतीनची नवी घेतली. चौघांचे पैसे गेले, त्याचं वाईट वाटलं.

पॅरिसच्या सहा पन्नासला फोटो आला : व्हिसा तपासणीची रांग, पुढे चाळीसेक माणसं. शिक्का पडला आठ दहाला.