चपला घालताना

घर पाहून झालं, की दारात चपला घालताना माणसं काय बोलतात तिकडे माझं लक्ष असतं. "छान आहे हो घर, हवेशीर आहे, तुम्ही ठेवलंयही किती नीट" असं म्हणत जो जिना उतरतो, तो पुन्हा फिरकत नाही. 'घरी विचारून कळवतो' म्हणतो आणि कळवत नाही. आणि "ही पश्चिमेची भिंत तापत असेल नाही? बाथरूमच्या फरशीचा उतारही उलटा दिसतोय" असं कुरकुरत जो एक चप्पल घालून दुसरी शोधत राहतो, त्याचं घर घेऊन झालेलं असतं. फक्त त्याने ते अजून कुणाला सांगितलेलं नसतं. बायकोलाही नाही.

आमच्या जळगावात घर पाहणं आणि भाव बोलणं यांच्यात किती काळ जावा, याला काही धरबंध नाही. कुणी संध्याकाळी पाहून रात्री टोकन देतं, कुणी दोन दिवाळ्या काढतं. नात्यागोत्यात घर पाहायला सोबत जायचं काम बहुधा माझ्याकडे येतं, कारण परक्याच्या टाकीचं झाकण उघडून आत डोकवायला मला लाज वाटत नाही. त्यामुळे दुसऱ्यांच्या सौद्यांचा पुष्कळ चहा मी प्यायले आहे. त्यावरून माझं मत असं झालंय, की मन ठरायला वेळ लागतच नाही. उंबरा ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत जाईतो ते ठरतं. पुढचे महिने जातात ते तोंड उघडायला.

धाकट्या भावाचंच सांगते. तो रेल्वेत आहे, भुसावळला रोज अपडाऊन करतो. पिंप्राळ्याकडचा शेवटच्या मजल्यावरचा एक फ्लॅट त्याने भर मे महिन्यात पाहिला, तोही दुपारी दोनला. वेळ मी सांगितली होती. सकाळी दहाला कुठलंही घर बरं दिसतं. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना त्या स्लॅबखाली दहा मिनिटं उभं राहावं, म्हणजे पुढचे उन्हाळे कसे जाणार ते कळतं. एजंट लोकांना ही वेळ अजिबात आवडत नाही. "ताई, संध्याकाळी या ना, काय वारा सुटतो इथे!" संध्याकाळी वारा सगळीकडेच सुटतो, त्याचे पैसे कशाला द्यायचे?

भावजय आत शिरली ती थेट ओट्याशी गेली. पर्स बाजूला ठेवून तिने ओटा वितीने मापला. मग शेगडी कुठे, मिक्सर कुठे, पोळपाट कुठे, हे हातानेच हवेत मांडून पाहिलं. खिडकी उघडून गजांवर हात फिरवला, कूलर बाहेरून बसेल की आतून ते पाहिलं. मालकीणबाई कपाटं दाखवत होत्या, त्यात तिला रस नव्हता. सगळं झाल्यावर तिने एकच विचारलं, "गच्चीची किल्ली कुणाकडे असते हो?"

हा प्रश्न खान्देशाबाहेरच्या माणसाला चटकन कळायचा नाही. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे वाळवण. ज्वारीचे बिबडे, कुरडया, पापड हे सगळं घालायला हक्काची गच्ची लागते आणि खाली ठेवायला जुनी लुगडी-धोतरं लागतात. लुगडी कुठूनही मिळतात, गच्ची मिळत नाही. कित्येक अपार्टमेंटांत गच्चीला कुलूप आणि किल्ली कुणा चेअरमनकडे, आणि चेअरमन लग्नाला गेलेले. मालकीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडेच असते. वर दुसरं कोणी येतच नाही, टाकी धुणारा तेवढा येतो." भावजयीने "बरं" म्हटलं आणि पर्स उचलली. भाऊ तिकडे हॉलमध्ये दिवाण कुठल्या भिंतीला लागेल ते पाहत होता.

दारात चपला घालताना भाऊ म्हणाला, "शेवटचा मजला म्हणजे उन्हाळा काढणं कठीणच आहे."

एजंट माझ्याकडे पाहून हसला. त्यालाही हे सगळं पाठ असतं.

त्यानंतर भावाने भाव सांगायला हवा होता. मालक चौतीस लाख म्हणत होते. त्याचं बजेट मला माहीत होतं, बँकेचं कर्ज किती बसतंय तेही विचारून झालं होतं. पण छे! आधी अमळनेरहून मामांना आणायचं ठरलं. मामांनी घर पाहिलं, गॅलरीत उभं राहून चौफेर नजर फिरवली आणि खाली उतरल्यावर अहिराणीत निकाल दिला, "भाऊ, घर ते चांगलं शे. पन आते काय घाई शे? एक पानी पडू दे."

यात मामांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. शेवटच्या मजल्याचं घर पावसात एकदा पाहावंच. एकाच खोलीत, एकाच कोपऱ्यात नवा रंग दिसला तर तो हौसेने मारलेला नसतो. जुलैत आम्ही पुन्हा गेलो. मी छताकडे मान वर करून सगळ्या खोल्या फिरले, भावाने बाथरूमच्या बाहेरची भिंत हाताने चाचपली. भिंत कोरडी होती. ओल सापडली नाही म्हणून तो जरा खट्टू झाल्यासारखा वाटला. पाच-पन्नास हजार तरी तुटले असते ना.

मग आषाढ म्हणून थांबले. श्रावणात कानबाईच्या रोटांना सगळी भाऊबंदकी गावी जमली, तिथे या फ्लॅटवर अशी चर्चा झाली की ज्यांनी तो पाहिला नव्हता त्यांचीही ठाम मतं तयार झाली. आमच्याकडे घराचं बोलणं पंचांगाच्या कलाने चालतं. ज्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टोकन दिलं नाही ते दसऱ्याकडे डोळे लावून बसतात, आणि पितृपक्षात तर एजंटांचे फोन इतके शांत असतात की तेच आपल्याला गुड मॉर्निंगचे मेसेज पाठवतात.

शेतीवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी. त्यांचं पंचांग कापूस ठरवतो. 2022च्या सुमाराला कापसाला क्विंटलला दहा हजारांच्या वर भाव मिळाला आणि जळगाव-धुळ्यात मुलांसाठी फ्लॅट पाहणाऱ्यांची हिंमत वाढली. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून लोकांनी कापूस विकलाच नाही. चोपड्याकडच्या आमच्या एका नातेवाइकांकडे गेले, तर पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस आणि बसायला मागच्या दारची खाट. कापसातल्या किडीने पोरांच्या अंगाला खाज सुटलेली, आणि गृहस्थ सांगत होते, "फ्लॅट पसंत आहे, भाव चढला की लगेच बोलतो." भाव चढला नाही, उतरत गेला. फ्लॅटवाल्यालाही काही कळेना, हे नाही का म्हणत नाहीत आणि हो का म्हणत नाहीत. ज्यांच्याकडे कापूस नाही त्यांच्याकडे सोनं असतं. सराफ बाजारात आजचा काय भाव हा जळगावात नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न. सोनं चढत असेल तर मोडवत नाही, उतरत असेल तर आता कसं मोडायचं, म्हणून घराचं बोलणं तिथेही अडतं.

या सगळ्या काळात एजंटची ती पार्टी असतेच. "काल नाशिकची एक पार्टी पाहून गेली. उद्या टोकन देतो म्हणालीये." मी इतकी घरं पाहिली, ही नाशिकची पार्टी मला कधी भेटली नाही. ती नेहमी काल येते आणि उद्या टोकन देते. तरी तिच्या नावाने माणसाच्या पोटात गोळा येतोच, आमच्या भावाच्या तर रात्री झोपेतही आला.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडा घेणारा पाहावा. दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, घोडा चालवून पाहतो आणि मग त्याच्याकडे पाठ करून चहा प्यायला निघून जातो. मालकालाही ठाऊक असतं की हा चहा पिऊन परत येणार. घराच्या बाबतीत तो चहा चार-चार महिने चालतो एवढंच.

माझा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याने तिकडे शनिवारी घर पाहिलं आणि सोमवारी एजंटला फोन करून आकडा सांगितला. मामांना हे कळल्यावर त्यांनी त्याची तब्येत विचारली. पण भाच्याने सांगितलेली तिकडची रीत ऐकण्यासारखी आहे. आकडा एजंटला सांगायचा. आलेली प्रत्येक बोली एजंटने मालकापर्यंत लेखी पोचवायची, हे कायद्याने बंधनकारक. मालकाने होकार दिला तरी मामला पक्का होत नाही. दोन्हीकडचे वकील कराराच्या प्रतींची अदलाबदल करत नाहीत तोवर कुणीही माघार घेऊ शकतं. मध्येच जास्त पैसे देणारा आला आणि मालक तिकडे वळला, तर चरफडण्यापलीकडे काही करता येत नाही. घराची तपासणी, कागदांचा शोध, हे सगळं होकार मिळाल्यानंतर. शेजारच्या स्कॉटलंडात तऱ्हा निराळी. तिथे वकिलामार्फत बोली जाते, आणि घ्यायला उत्सुक असलेले बरेच असले की एक तारीख ठरते. त्या तारखेपर्यंत ज्याने त्याने आपला आकडा गुपचूप कळवायचा. दुसऱ्याने किती लावले ते कळत नाही. ही पद्धत आपल्याकडे आली तर नाशिकच्या पार्टीचं काय होईल!

माझा मुलगा गणिताचा. तो म्हणाला, यावर उत्तर केव्हाच निघालंय, 1960च्या सुमारास ते कोडं खूप गाजलं होतं. शंभर घरं पाहायची असतील तर पहिली सदतीस नुसती पाहून सोडून द्यायची. त्यानंतर आधीच्या सगळ्यांपेक्षा सरस असं जे पहिलं घर दिसेल, ते डोळे झाकून घ्यायचं. ऐकायला झकास आहे. पण तीस-बत्तीस लाखांत, पश्चिमेची भिंत न तापणारी आणि गच्चीची किल्ली असलेली शंभर घरं जळगावात आणायची कुठून? शिवाय त्या गणितात सोडलेलं घर पुन्हा मिळत नाही. आमच्याकडे वर्षाने फोन येतो, "ताई, ते तुम्ही सोडलेलं अजून आहे बरं का."

मला या उशिराचा राग नाही. राग आहे तो उशीर कशावर खर्च होतो याचा. मामा, मुहूर्त, कापूस, सोनं यांच्यासाठी माणसं वर्ष काढतात आणि सर्च रिपोर्ट मात्र टोकन देऊन झाल्यावर मागवतात. जागा रीतसर बिनशेती झालेली आहे का, आधीच्या मालकाने बँकेत गहाण ठेवून कर्ज काढलं होतं ते फिटलं का, हे पाहायला वकिलाला गेल्या तीस वर्षांच्या नोंदी चाळाव्या लागतात, त्यात फार तर काही दिवस जातात. आपल्या 1882च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात सरळ लिहिलंय, की विक्रीच्या कराराने मालकी येत नाही. ती येते नोंदवलेल्या खरेदीखताने. मग इसार पावतीवर सही करायच्या आधी वकिलाकडे जायला काय हरकत आहे? नव्या बांधकामात निदान रेरा या बिल्डरांवरच्या कायद्याने एक चाप लावलाय. करार नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. जुन्या फ्लॅटला असा कोणी वाली नाही. तेव्हा आमच्या घरात हे काम मी जुलैतच उरकून घेतलं, छत कोरडं निघालं त्याच आठवड्यात. मामांना वाटलं मी घाई करतेय.

त्या वकिलांकडेच एक चांगली गोष्ट निघाली. घर नुसतं बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, एप्रिल 2021पासून. सुरुवातीला अट होती की ते पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही. 2023मध्ये तीही गेली. एकतीस लाखांना जमलं तर एकतीस हजार वाचतात हा हिशेब भावाने तिथेच मोबाइलवर केला आणि घर भावजयीच्या नावावर करायचं ठरलं. त्या दिवसापासून भावजयीच्या आवाजात फरक पडला. तोवर ती "बघा बाई, तुमचं तुम्ही ठरवा" म्हणायची. आता म्हणाली, "अजून किती थांबायचं?"

शेवटी थांबवलं आणि हलवलंही पंचांगानेच. गणपती विसर्जनाच्या आदल्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं, की आता पंधरवडा लागणार, म्हणजे पुन्हा पंधरा दिवस गेले. संध्याकाळी मालकांकडे बैठक बसली. भाऊ स्वतः एक अक्षर बोलला नाही. मामांनी आधी मालकांचं मूळ गाव काढलं, मग त्यांच्या साडूचं गाव काढलं, मग पाऊसपाणी झालं, आणि चहा संपल्यावर कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "अठ्ठावीस." मालक हसले. मालकीणबाई आत निघून गेल्या. एजंटने मालकांना गॅलरीत नेलं, मग मामांना नेलं, मग पुन्हा मालकांना. मे महिन्यापासून अडलेली गोष्ट अर्ध्या तासात एकतीसवर आली. एजंटचा पोरगा मोटरसायकलवर पेढे आणायला पळाला. भावाने एकावन्न हजारांचा चेक लिहिला आणि एजंटने पावती भरायला घेतली.

पावतीवर सही करताना मालक सहज म्हणाले, "पंखे आणि गीझर आम्ही काढून नेणार बरं का." भावाने मामांकडे पाहिलं, मामांनी एजंटकडे पाहिलं. बोलण्यात ते कुठेच आलं नव्हतं. खरेदीखत आता दसऱ्यानंतर आहे. तीन पंखे द्यायला मालक राजी झालेत, गीझरचं अजून चालू आहे.