यंदा कोर्स तीनच

गेल्या वर्षीची गोल्फची वही रविवारी पुन्हा उघडली. एकूण 19 राउंड आणि पाच कोर्स, म्हणजे मैदानं: खारघर, चेंबूर, पुण्यातले दोन आणि अ‍ॅम्बी व्हॅली. नवीन कोर्स बघायची मला मनापासून हौस आहे. वर्षाचा हिशेब मांडताना ‘किती कोर्स झाले’ हाच आकडा मी आधी मोजायचे. या वेळी पटचा, म्हणजे होलजवळच्या हलक्या फटक्यांचा, रकाना वरपासून खालपर्यंत सलग वाचला आणि थबकले. नऊ होलना 21, 22, 21, 23, परत 22. गाव बदललं, गवत बदललं, हवा बदलली, पण पट जिथल्या तिथे. बाहेरच्या प्रत्येक राउंडखाली मीच लिहून ठेवलं होतं, ‘कोर्स नवा, ग्रीन कळली नाहीत.’ (ग्रीन म्हणजे होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत.) खारघरच्या दहा राउंडचे आकडेही तेच आहेत, आणि खारघर मला नवं नाही.

म्हणून यंदा तीनच कोर्स घ्यायचे आणि प्रत्येकाला एकेक काम नेमून द्यायचं, असं ठरवलंय.

पहिलं खारघर. महिन्यातून दोनदा, सकाळी, नऊच होल. सिडकोने 2012 साली हा कोर्स सुरू केला तेव्हा तो 11 होलचा होता. कुणाच्या ओळखीशिवाय, ग्रीन फी भरून आपल्यासारख्यांना खेळता येईल असा कोर्स नवी मुंबईत झाला नसता, तर मी या खेळात आलेच नसते. बेलापूरहून तिकडे जायला आता मेट्रो आहे, नोव्हेंबर 2023 पासून. सेंट्रल पार्कला उतरायचं आणि पुढे रिक्षा. त्यासाठी मी क्लबचा, म्हणजे फटके मारायच्या काठ्यांचा, अर्धा सेट वेगळा काढलाय: तीन नंबरचा वूड, पाच नंबरचा हायब्रिड, सात आणि नऊ नंबरची आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. नियमाप्रमाणे 14 क्लबपर्यंत नेता येतात, कमीत कमी किती हवेत असं काही बंधन नाही. सात क्लब पातळ बॅगेत बसतात, खांद्याला जड होत नाहीत, आणि मुख्य म्हणजे प्रत्येक शॉटआधी ‘आठ घेऊ की सात’ हा घोळ राहत नाही. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी हे जरूर करून बघा.

खारघरला नेमून दिलेलं काम म्हणजे पटिंग. त्यामागे जानेवारीतली एक सकाळ आहे, ती जरा सविस्तर सांगते.

ग्रीनवर इतकं दव होतं की चार पावलांत बूट ओले झाले. चेंडू होलपासून साधारण 18 फुटांवर. मी खाली बसून, मागून, होलच्या पलीकडून, सगळीकडून बघितलं. मला उतार किंचित डावीकडे वाटत होता. कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, इथल्याच गावातला, कोर्स सुरू झाल्यापासून इथे काम करणारा. तो म्हणाला, “ताई, ग्रीन नका बघू. डोंगर कुठंय ते बघा.” डोंगर डावीकडे होता, पांडवकड्याची अख्खी भिंत. माझ्या डोळ्यांना पाणी डोंगराकडे चढताना दिसत होतं म्हणायचं! तरी मी माझ्याच अंदाजाने होलच्या उजव्या कडेवर नेम धरला. चेंडू गेला आणि होलच्या उजवीकडे दोन फुटांवर थांबला.

“आता खाली बघा,” तो म्हणाला.

दवावर चेंडूची रेघ उमटली होती. माझ्या पायापासून निघालेली, पहिले दहा फूट जवळजवळ सरळ, मग वेग कमी होत गेला तशी उजवीकडच्या ओढ्याच्या बाजूला झुकत गेलेली, आणि शेवटच्या तीन फुटांत कोयत्याच्या पात्यासारखी वळलेली. ग्रीनचा उतार मी पहिल्यांदाच असा कागदावर काढल्यासारखा बघितला. माझी चूक कुठे होत होती तेही तिथेच कळलं. डोंगराच्या पायथ्याशी सगळी जमीनच एका बाजूला कललेली असते. डोळा त्या कललेल्या जमिनीला सपाट धरून चालतो, त्यामुळे ग्रीनचा डोंगराकडून ओढ्याकडे असलेला हलका उतार दिसत तरी नाही किंवा उलटा दिसतो. वळण शेवटी जास्त असतं कारण चेंडू हळू झाला की उतार त्याला सहज ओढतो. पटचा सगळा हिशेब त्या शेवटच्या तीन फुटांसाठी करायचा असतो, आणि मी आजवर पहिल्या दहा फुटांचा करत होते.

तेव्हापासून सराव बदललाय. टी-टाइमच्या, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळेच्या, आधी अर्धा तास पोहोचते. सरावाच्या ग्रीनवर दहा चेंडू एकाच जागेवरून मारते, मग उभं राहून दहाही रेघा बघते. वेग वेगळा असेल तर रेघा पंख्यासारख्या पसरतात. वेग सारखा असेल तर एकमेकींवर येतात. अट एकच, ऊन चढायच्या आत. दव असताना ग्रीन संथ असतं, सुकलं की तोच पट होलच्या पुढे चार फूट पळतो. त्यामुळे चौथ्या-पाचव्या होलपासून हात हलका करावा लागतो, तेही आता वहीत लिहायला लागले आहे. शेवटच्या तीन राउंडचे पट 20, 20 आणि 19. वर्षाअखेर नऊ होलना 18 हवेत.

पावसाळ्यातही खारघर सोडणार नाही. डोंगरावरून धारा उतरत असताना तिथे चालणं हे सुख वेगळंच आहे. नियम मात्र पाठ हवेत. गेल्या जुलैत माझा चेंडू फेअरवेवरच, म्हणजे मधल्या कापलेल्या गवतावरच, निम्मा चिखलात रुतला आणि मी तो तसाच मारला. मनगट आठवडाभर दुखलं. बंकर (वाळूचे खड्डे) आणि पेनल्टी एरिया (पाणी वगैरेची आखलेली जागा) सोडून इतरत्र आपल्या फटक्याने चेंडू स्वतःच्याच खळग्यात रुतला असेल, तर दंड न घेता उचलून पुसता येतो. रुतलेल्या जागेच्या लगेच मागे, एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. साचलेल्या पाण्यातूनही अशीच सुटका मिळते. वीज चमकली तर मात्र एकही होल जास्त खेळायचा नाही, झाडाखाली उभं राहायचं नाही, सरळ क्लबहाउस गाठायचं.

दुसरा कोर्स चेंबूरचा, बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. 1927 सालचा जुना क्लब, सभासदांसोबत पाहुणे म्हणूनच जाता येतं. माझ्या जुन्या ऑफिसातले एक सर सभासद आहेत, ते वर्षातून दोनदा आवर्जून बोलावतात. दोन्हीकडे झाडं उभी, त्यामुळे स्लाइस गेला, म्हणजे चेंडू उजवीकडे वळला, की एक शॉट बाहेर काढण्यातच जातो. गेल्या वर्षी तिथे नऊ चेंडू हरवले. शोधायला तीनच मिनिटं मिळतात आणि पाहुणीने सगळ्यांना ताटकळत ठेवणं मला बरं वाटत नाही. तिथलं काम टी-शॉटचं, म्हणजे प्रत्येक होलच्या पहिल्या फटक्याचं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारणारा क्लब, घरी ठेवायचा, हायब्रिडने 140 यार्ड सरळ, मग पुन्हा 140. एप्रिल आणि मे ठरवलेत. जमीन कडक असते, चेंडू पडल्यावरही पळतो, लांबीची काळजी उरत नाही.

तिसरा पुण्याचा ऑक्सफर्ड, दिवाळीनंतर, एकच मुक्काम. तो सगळा डोंगरउतारावर आहे. चेंडू पायांच्या वर किंवा खाली, उभं राहायला सपाट जागा क्वचित. चेंडू पायांच्या वर असला की माझा शॉट डावीकडे जातो, हे मला पुस्तकी माहीत आहे, अंगात उतरलेलं नाही. तेवढ्यासाठी जायचं. येरवड्याचा पूना क्लबचा कोर्स मला फार आवडतो, तिथे व्यावसायिकांच्या स्पर्धाही होतात, पण या वर्षीच्या कामात तो बसत नाही. अ‍ॅम्बी व्हॅली खर्चामुळे गाळला. कुलाब्याचा यूएस क्लब आणि विलिंग्डन क्लब ओळखीशिवाय होत नाहीत, आणि कुणाला गळ घालायची माझी इच्छा नाही.

नेरुळला कोर्स झाला असता तर तुला किती जवळ पडला असता, असं काही जण म्हणतात. ती पाणथळ जागा आहे. उच्च न्यायालयाने 2018 साली तिथल्या गोल्फ कोर्सच्या विरोधात निकाल दिला तेव्हा मी नुकती खेळायला लागले होते आणि मला आनंद झाला होता. भरती-ओहोटीबरोबर तिथे फ्लेमिंगो उतरतात. त्यांची जागा घेऊन मला खेळायचं नाही. खारघरला जायला अर्धा तास लागतो, लागू दे.

माझी खेळातली जोडीदार घोडबंदर रोडला राहते. शनिवारी पाचला घर सोडून ठाणे-बेलापूर रस्त्याने येते, म्हणून तिच्या मताला वजन आहे. तिला ही यादी अजिबात पटलेली नाही. “अगं, वर्षभर तोच डोंगर बघायचा? चल, एक तरी नवीन घेऊ.” मी तिला वहीतला पटचा रकाना दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, माझा तर याहून वाईट असेल, मी लिहीतच नाही.

या शनिवारी पहिला टी-टाइम मिळालाय. दव आता फार तर दोन-तीन आठवडे. तिला सांगितलंय, अर्धा तास आधी ये, आणि वही घेऊन ये.