तुम्ही विचारलंत म्हणून: आम्ही सुचवलेलं पुढे जातं कुठे?

मी ओपन सोर्स फोन, म्हणजे ज्याचं सॉफ्टवेअर कुणीही वाचून बदलू शकतं असा फोन, वापरतो हे कळलं की लोक आधी विचारतात, 'त्यावर नेहमीची ॲप्स चालतात का?' आणि थोडी ओळख वाढली की हळूच, 'माझ्याकडे एक भन्नाट कल्पना आहे. कुणाला सांगायची? आणि सांगून कुणी करतं का?' या दुसऱ्या प्रश्नाला मी आजवर 'सांगून तर बघा' म्हणून बगल देत आलो. आता तुम्हीच विचारलंत, तर नीट सांगतो.

माझी पहिली सूचना अलार्मची होती. सूचना कसली, तक्रारच. सकाळी जाग आली तेव्हा उजाडून बराच वेळ झाला होता. फोन उशाशी निपचित पडलेला. बटण दाबलं, स्क्रीन उजळली आणि मग महाराजांनी अलार्म वाजवला! मी तणतणत लिहून टाकलं, 'घड्याळाचं ॲप बिघडलंय, दुरुस्त करा.'

ॲप बिचारं ठणठणीत होतं. बॅटरी वाचावी म्हणून हा फोन गाढ झोपतो, म्हणजे प्रोसेसरच थांबतो. मग सहा वाजलेत हे बघायला ॲप जागं असतंच कुठे? जागं असतं ते फक्त आतलं एक चिमुकलं घड्याळ, आणि त्याला कुणीतरी झोपण्याआधी 'सहाला उठव' असं सांगून ठेवावं लागतं. सांगायचं कुणी? साध्या ॲपला तो अधिकार नसतो. म्हणजे मध्ये सिस्टीमची एखादी सेवा हवी, खाली कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या, त्या घड्याळाच्या ड्रायव्हरने साथ द्यायला हवी आणि जाग आल्यावर घंटा वाजायच्या आत फोनने पुन्हा डोळे मिटता कामा नयेत. माझ्या तक्रारीला पहिलं उत्तर आलं तो एक प्रश्न होता: 'स्क्रीन लागल्याबरोबर वाजला, की थोड्या वेळाने?' तेव्हा मला तो चौकसपणा वाटला. खरं तर दोष कुठल्या मजल्यावर आहे, हे त्या एका उत्तरावरून ठरणार होतं. काही महिन्यांनी एका अपडेटनंतर अलार्म वेळेवर वाजला. मी दचकून उठलो, सवय मोडली होती ना!

तुमच्या कल्पनेचंही असंच होतं. ती दिसते ॲपसारखी, पण उतरते कुठल्या मजल्यावर ते आधी सांगता येत नाही. बंदिस्त फोनमध्ये तिला मधल्याच एखाद्या दाराशी थांबावं लागतं. इथे बहुतेक दारं उघडी असतात, म्हणून ती तळापर्यंत जाऊ शकते. बहुतेक म्हणतोय, सगळी नाही. पाइनफोनचंच बघा. २०२० साली सुमारे १५० डॉलरना आलेला हा फोन लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतो. त्याच्या मोडेमच्या, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या भागाच्या, आत स्वतंत्र लिनक्स चालतं हे हौशी मंडळींनी शोधून काढलं आणि त्या भागासाठी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहिलं. पण त्याच मोडेमचा प्रत्यक्ष रेडिओ सांभाळणारा भाग बंदच राहिला. तिथे कितीही सुरेख कल्पना न्या, उपयोग नाही.

बँकेच्या ॲपची मागणी तर कायमचीच. वेड्रॉइड नावाचं सॉफ्टवेअर वापरून लिनक्स फोनवर अँड्रॉइडची ॲप्स चालवता येतात, पण 'हा गूगलने प्रमाणित केलेला फोन आहे का' असं तपासणारं ॲप बरेचदा उघडायलाच नकार देतं. कुलूप आपल्या दाराला, किल्ली भलत्याच्याच खिशात.

काही कल्पना मात्र कुणी नवं ॲप न लिहिताच मार्गी लागल्या, आणि मला त्याच जास्त आवडतात. लिब्रेम ५ हा असाच दुसरा लिनक्स फोन करणाऱ्यांपुढे प्रश्न होता की फोनसाठी शेकडो ॲप्स आणायची कुठून. त्यांनी लिबहँडी नावाची लायब्ररी, म्हणजे ॲप्सना आयता वापरता येणारा कोड, लिहिली. संगणकावर सेटिंग्जची खिडकी उघडली की डावीकडे यादी आणि उजवीकडे तपशील असतो. तीच खिडकी अरुंद केली की आधी नुसती यादी दिसते, ओळीवर बोट ठेवलं की तपशील सरकत पुढे येतो आणि कोपऱ्यात मागे जायचा बाण उमटतो. ॲप एकच, ते घडी घालायला शिकलं. हे काम पुढे गनोम या लिनक्स संगणकांवरच्या डेस्कटॉपच्या मुख्य प्रवाहातच गेलं, त्यामुळे ज्यांनी असला फोन कधी पाहिलाही नाही त्यांच्या संगणकावरही खिडक्या अशाच घडी घालतात.

उलट 'फोन मोठ्या स्क्रीनला जोडला की त्याचाच संगणक व्हावा' ही लोकांची लाडकी कल्पना. उबुंटू लिनक्स करणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१३ मध्ये तिच्यासाठी, उबुंटू एज नावाच्या फोनकरता, लोकांकडे ३ कोटी २० लाख डॉलर मागितले. सव्वा कोटीच्या वर जमले, लक्ष्य हुकलं, फोन निघालाच नाही. २०१७ मध्ये कॅनॉनिकलने उबुंटू टच या आपल्या फोनच्या सिस्टीममधून अंग काढून घेतलं, तेव्हा यूबीपोर्ट्स या गटाच्या स्वयंसेवकांनी ते उचललं आणि आजही चालवताहेत. त्यामुळे 'कुणी करतं का' याचं प्रामाणिक उत्तर असं की ज्याला ती अडचण स्वतःला टोचते, तो करतो. हे थोडं अन्यायाचंच आहे. ज्यांना कोड लिहिता येत नाही त्यांची दुखणी रांगेत मागे पडतात.

म्हणून हल्ली कुणी मला ॲपचं नाव, रंग, चिन्ह असं सगळं तयार करून आणलं की मी ते बाजूला ठेवायला सांगतो. परवा एकाने 'स्मार्ट शांतता व्यवस्थापक' सुचवलं. खोदून विचारल्यावर कळलं की त्याला रात्री फक्त आईचा फोन वाजायला हवा होता, बाकी कुणाचा नाही. एवढं एक वाक्य लिहून पाठव म्हटलं, तर त्याचा चेहरा पडला. पण पाठवलं त्याने. दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला: 'आईने दुसऱ्या नंबरवरून फोन केला तर?' तो अजून विचार करतोय.